रक्तस्रावी तापांचे जगभरातले उद्रेक: पाळत कशी ठेवावी, आकडे कसे वाचावेत

प्रश्न असा आहे: इबोला, मारबर्ग, लासा, क्रिमियन-काँगो यांसारख्या विषाणूजन्य रक्तस्रावी तापांचे उद्रेक जगात कुठे ना कुठे चालू असतात. त्यांच्यावर सतत लक्ष ठेवायचे तर कोणते अहवाल पाहावेत, त्यातून काय वाचावे आणि एखादी बातमी खरोखर गंभीर आहे हे कधी मानावे?

आधी मुख्य गोष्ट सांगतो. एकूण रुग्णसंख्या सर्वांत उशिरा हलते आणि सर्वांत जास्त फसवते. नवा रुग्ण आधीच्या कोणत्या रुग्णाकडून संसर्ग घेऊन आला हे ठाऊक आहे का, आणि तो आजारी पडल्यापासून विलगीकरणात येईपर्यंत किती दिवस गेले, या दोन गोष्टी मिळाल्या की उद्रेक कुठे चालला आहे ते कळते. मिळत नसतील तर त्या का मिळत नाहीत, याचा शोध घेणे हेच त्या दिवसाचे काम.

नावात रक्तस्राव आहे म्हणून बातम्यांमध्ये रक्त शोधत बसू नये. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४च्या इबोला साथीतल्या पहिल्या नऊ महिन्यांच्या नोंदींत ताप ८७ टक्के रुग्णांना होता. कारण न समजलेला रक्तस्राव फक्त १८ टक्क्यांना. सुरुवातीचे दिवस मलेरिया, टायफॉइड किंवा पोटाच्या साध्या संसर्गासारखेच दिसतात. म्हणून शोधायचे ते वेगळेच: एकाच घरातले किंवा एकाच अंत्यविधीला गेलेले लोक दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने आजारी पडणे, मलेरियाचे उपचार पूर्ण होऊनही ताप न उतरणे, धडधाकट तरुण माणसांचे झटपट मृत्यू, आणि सर्वांत महत्त्वाचे, रुग्णाला हाताळलेली परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा सफाई कर्मचारी आजारी पडणे. आरोग्य कर्मचाऱ्याचा अनाकलनीय ताप ही एकटी बातमीसुद्धा त्याच दिवशी पाठपुरावा करण्याजोगी असते. आणखी एक: मलेरियाची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून रक्तस्रावी ताप बाद होत नाही. जिथे लोकसंख्येच्या मोठ्या भागात मलेरियाचे परजीवी सापडतात तिथे दोन्ही एकत्र असू शकतात.

माहितीचे दोन प्रवाह असतात. पहिला नियमित आकडेवारीचा: आरोग्य केंद्रांकडून दर आठवड्याला वर येणारे तक्ते. आफ्रिकेतल्या बहुतेक देशांत हे काम एकात्मिक रोग सर्वेक्षण पद्धतीने चालते. दुसरा घटनांवर आधारित: स्थानिक बातम्या, रेडिओ, समाजमाध्यमे, डॉक्टरांचे आपसांतले निरोप. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ईआयओएस’ ही यंत्रणा, १९९४पासून चालू असलेले ‘प्रोमेड’ आणि कॅनडाची ‘जीफिन’ ही या दुसऱ्या प्रवाहाची साधने. नवा उद्रेक जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रवाहात आधी दिसतो. तो वाढतो आहे की ओसरतो आहे हे पहिला प्रवाह सांगतो. रोज सकाळी दुसरा चाळावा. आठवड्यातून एकदा जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका कार्यालयाचे साप्ताहिक पत्रक, युरोपीय रोग नियंत्रण केंद्राचा साप्ताहिक अहवाल, नायजेरियाच्या रोग नियंत्रण केंद्राचा लासा अहवाल आणि जनावरांच्या रोगांसाठी ‘वाहिस’ हा जागतिक नोंदसंच हे शांतपणे वाचावेत. जागतिक आरोग्य संघटनेचे ‘डिसीज आउटब्रेक न्यूज’ सविस्तर आणि विश्वासार्ह असते, पण ते पडताळणी आणि संबंधित देशाशी बोलणे झाल्यावर निघते. पहिल्या इशाऱ्यासाठी त्यावर विसंबू नये. संदर्भ म्हणून ते उत्तम आहे.

आता अफवा कशी तपासायची, कारण निम्मा वेळ इथेच जातो. मूळ बातमी मूळ भाषेत काढावी आणि तिची तारीख पाहावी. दोन वर्षांपूर्वीची बातमी नव्याने फिरणे नित्याचे आहे. मग ठिकाण. काँगो नावाचे देश दोन, गिनी नाव असलेले देश आफ्रिकेतच तीन, आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या ‘एक्वातर’ प्रांताचे यांत्रिक भाषांतरात ‘इक्वेडोर’ होते. जिल्हा आणि आरोग्य-क्षेत्र नकाशावर सापडेपर्यंत नोंद पक्की करू नये. त्यानंतर विचारायचे: पहिला माणूस कधी आजारी पडला, वये काय आहेत, आजारी पडल्यापासून मृत्यूपर्यंत किती दिवस गेले, कोणी कोणाची सेवा केली, परिसरात जनावरे किंवा माकडे मेली का, नमुने घेतले का आणि कोणत्या प्रयोगशाळेकडे निघाले. शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. नमुना कुठे आहे हे कळले की उत्तर कधी येणार याचा अंदाज बांधता येतो.

वयांचा प्रश्न वरवरचा वाटतो, पण तो पुष्कळ सांगतो. २०२४च्या अखेरीस काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या (पुढे नुसते ‘काँगो’) पांझी आरोग्य-क्षेत्रात ‘अज्ञात रोगा’ने माणसे मरत असल्याची बातमी जगभर गेली. मृतांमध्ये लहान मुलांचे प्रमाण मोठे होते आणि भागात कुपोषण तीव्र होते. हे चित्र इबोलापेक्षा मलेरिया आणि श्वसनसंसर्गाकडे बोट दाखवत होते, आणि तपासात तेच निघाले. एप्रिल २०१७मध्ये लायबेरियाच्या सिनो भागात एका अंत्यविधीनंतर लोक पटापट मरू लागले. इबोलाचा संशय साहजिक होता. पण अंत्यविधीनंतर एक-दोन दिवसांतच इतके जण आजारी पडणे हा इबोलाचा वेग नाही. त्याचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणांपर्यंतचा काळ, २ ते २१ दिवसांचा, सरासरी अकरा दिवसांच्या आसपास. शेवटी मेंदूज्वराचा ‘सी’ गटाचा जिवाणू सापडला. अशा बातम्या खोट्या निघाल्या म्हणून त्यांच्यामागे लागलेला वेळ वाया गेला असे समजू नये. तिथे माणसे खरोखर मरत होती, आणि निदान झाल्यामुळे योग्य औषध पोहोचले.

तपासणीच्या निकालाबद्दल दोन सावधगिरीचे शब्द. पहिला: लक्षणे सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत घेतलेला इबोलाचा पीसीआर निगेटिव्ह आला तर तो अंतिम मानत नाहीत, पुन्हा नमुना घेतात. म्हणून ‘निगेटिव्ह’ शब्दाशेजारी लक्षणांची तारीख आणि नमुन्याची तारीख नसेल तर त्या निकालाची किंमत कमी. नमुना कोणत्या नळीत घेतला हेही महत्त्वाचे. ईडीटीए असलेली जांभळ्या झाकणाची प्लास्टिकची नळी योग्य, हेपारिनची नळी पीसीआरमध्ये अडथळा आणते. मृताच्या तोंडातला फाहा (स्वॅब) चालतो. नमुना २ ते ८ अंश सेल्सिअसला, तिहेरी वेष्टनात जायला हवा. रस्त्यात चार दिवस उन्हात पडलेल्या नमुन्याचा निगेटिव्ह निकाल काहीच सांगत नाही.

दुसरा: ‘इबोला निगेटिव्ह’ म्हणजे नेमके कशाला निगेटिव्ह? अनेक ठिकाणी हाताशी असलेली जीनएक्सपर्ट या झटपट निदान-यंत्राची इबोला चाचणी विषाणूची फक्त झैर प्रजाती ओळखते. युगांडात २०२२मध्ये मुबेंडेला जी साथ आली ती सुदान विषाणूची, म्हणजे इबोलाच्याच दुसऱ्या प्रजातीची, होती. तिथे फक्त ही चाचणी वापरली असती तर सर्व काही ठीक दिसले असते. सुदैवाने एंटेबेच्या विषाणू संशोधन संस्थेकडे व्यापक चाचण्या होत्या आणि २० सप्टेंबरला साथ जाहीर झाली. म्हणून सर्व फायलोविषाणूंसाठी (इबोला आणि मारबर्ग यांचे कुळ), शिवाय लासा, क्रिमियन-काँगो आणि रिफ्ट व्हॅली तापासाठी तपासले का, हे विचारावे. प्रजाती कळल्याशिवाय पुढचे नियोजनही अडते: ‘एरव्हेबो’ ही लस आणि २०२०मध्ये मान्यता मिळालेली दोन्ही प्रतिपिंड-औषधे झैर प्रजातीसाठी आहेत, सुदान विषाणूसाठी मान्यताप्राप्त लस अजून नाही.

एकदा उद्रेक पक्का झाला की आकडे वाचण्याचे काम सुरू होते. संशयित, संभाव्य आणि निश्चित अशा तीन वर्गांची बेरीज कधीही एका ओळीत मांडू नये. संशयितांतले बहुतेक तपासणीनंतर वगळले जातात, म्हणून एकूण आकडा एखाद्या आठवड्यात खाली येतो आणि वाचणाऱ्याला वाटते की काहीतरी लपवले. संभाव्य रुग्ण म्हणजे बहुधा नमुना न घेताच पुरलेले, संसर्गाच्या ज्ञात साखळीत बसणारे मृत. ते धरले की मृत्यूचे प्रमाण आपोआप चढते. मुबेंडेच्या साथीत निश्चित रुग्ण १४२ आणि त्यांपैकी मृत्यू ५५, म्हणजे ३९ टक्के. संभाव्य २२ धरले, जे सगळे मृत होते, की १६४ पैकी ७७, म्हणजे ४७ टक्के. साथ एकच आणि दोन्ही संख्या बरोबर, पण कोणती कुठून आली हे न लिहिता दोन साथींची तुलना केली तर ती निरर्थक होते.

साथ चालू असताना तर मृत्यूचे प्रमाण जवळजवळ वापरूच नये, कारण खाटेवर असलेल्यांचे काय होणार हे अजून ठरलेले नसते. ज्यांचा निकाल लागला, म्हणजे बरे झाले किंवा दगावले, तेवढ्यांवरच हिशेब करावा. आणि प्रमाण विषाणूच्या स्वभावाइतकेच उपचारांवर अवलंबून असते. अंगोलातल्या २००४-०५च्या मारबर्ग साथीत सुमारे ९० टक्के रुग्ण दगावले. रवांडात २०२४मध्ये ६६ पैकी १५, म्हणजे २३ टक्के. रवांडात रुग्ण बहुतांशी आरोग्य कर्मचारी होते, लवकर सापडले आणि त्यांना अतिदक्षता विभागाची काळजी मिळाली. विषाणू तोच मारबर्ग असूनही एवढा फरक पडतो, हे लक्षात राहावे. लवकर शोध घेण्याचा आग्रह धरायचा तो यासाठीच.

रुग्णांचा आलेख नोंदीच्या तारखेने न काढता लक्षणे सुरू झाल्याच्या तारखेने काढावा. नोंदीच्या तारखेने काढलेला आलेख प्रयोगशाळा सोमवारी किती काम करते एवढेच दाखवतो. लक्षणांच्या तारखेने काढलेल्या आलेखाचे उजवे टोक मात्र नेहमी घसरलेले दिसते, कारण अलीकडे आजारी पडलेले अजून सापडलेलेच नसतात. शेवटचे दोन-तीन आठवडे फिक्या रंगात दाखवावेत आणि त्यावरून ‘साथ उतरली’ असे कधीही लिहू नये. इबोलात एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत साधारण १५ दिवस जातात. म्हणजे आज दिसणारे रुग्ण दोन आठवड्यांपूर्वीच्या चुकांचे फळ असतात, आणि आज केलेल्या कामाचा परिणाम दिसायला तेवढेच थांबावे लागते.

आता साखळीकडे येऊ. चांगल्या परिस्थिती-अहवालात चार गोष्टी असतात: नव्या रुग्णांपैकी किती जण आधीच संपर्क-यादीत (रुग्णांच्या सहवासात आलेल्यांच्या यादीत) होते, लक्षणांपासून विलगीकरणापर्यंतचे मधले दिवस, किती मृत्यू दवाखान्याबाहेर, समाजात झाले, आणि यादीतल्या किती जणांना त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. नवे रुग्ण बहुतांशी यादीतलेच असतील आणि एक-दोन दिवसांत वेगळे होत असतील तर संख्या वाढत असली तरी साथ हातात आहे. याउलट आठवड्याला तीनच रुग्ण, पण तिघेही यादीबाहेरचे आणि त्यांतला एक घरीच दगावलेला, हे फार वाईट चित्र. काँगोच्या किवू भागातल्या २०१८-२०च्या इबोला साथीत अनेक महिने मोठ्या संख्येने रुग्ण यादीबाहेरचे येत राहिले. हिंसाचारामुळे पथके गावांत पोहोचत नव्हती. ती साथ ३,४७० रुग्ण आणि २,२८७ मृत्यूंवर जाऊन थांबली.

पाठपुराव्याची टक्केवारी मात्र जपून वाचावी. ‘९८ टक्के संपर्कांचा पाठपुरावा झाला’ हे वाक्य यादीच अपुरी असेल तर पोकळ ठरते. रुग्णांच्या संख्येने यादीतल्या नावांना भागून पाहावे. एका रुग्णामागे चार-पाचच नावे असतील तर घरातली माणसे तेवढी लिहिली, दवाखान्यातले शेजारी, वाहनचालक, प्रेताला अंघोळ घालणारे, प्रार्थनेला आलेले राहून गेले असे समजावे. माणसे नावे लपवतात तेव्हा त्यामागे कारण असते: २१ दिवस कामावर जाता येणार नाही, शेजारी टाळतील, प्रेत ताब्यात मिळणार नाही. यादीतल्या घरांना धान्य पोहोचते का, हाही पाळतीचाच भाग आहे, आणि अहवालात त्याची ओळ शोधावी.

खोटी शांतता सर्वांत घातक. डिसेंबर २०१३मध्ये गिनीतल्या मेलियांदू गावात सुरू झालेली इबोलाची साथ मार्च २०१४मध्ये ओळखली गेली. एप्रिल-मेमध्ये गिनीतले रुग्ण कमी झाले आणि पुष्कळांना वाटले की संपत आले. त्याच वेळी सीमेपलीकडे सिएरा लिओनमध्ये न मोजलेल्या साखळ्या वाढत होत्या. पुढे २८,६०० हून अधिक रुग्ण आणि ११,३०० हून अधिक मृत्यू झाले. म्हणून रुग्ण घटले की लगेच पाहावे: संशयितांच्या सूचना आणि तपासलेले नमुने तितकेच आहेत का? नमुने घटल्यामुळे रुग्ण घटले असतील तर ती बातमी चांगली नाही. शेजारच्या जिल्ह्यांतून, सीमेपलीकडून शून्य सूचना येत असतील तर तिथे कोणी शोधतच नाही असे धरावे.

हे सगळे माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या फायलोविषाणूंना लागू. इतर तापांची घड्याळे वेगळी आहेत आणि सर्वांना इबोलाचा साचा लावला तर चूक होते. लासा हा मॅस्टोमिस जातीच्या उंदरांमुळे होणारा ताप. नायजेरियात तो दरवर्षी असतो आणि कोरड्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, चढतो. तिथे एकूण संख्येऐवजी गेल्या काही वर्षांच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी, आणि सोबत किती नमुने तपासले हे पाहावे, कारण प्रयोगशाळा वाढल्यानेही रुग्ण वाढलेले दिसतात. २०१८मध्ये तिथे संख्या एकदम वाढली तेव्हा नवा, अधिक पसरणारा प्रकार आला की काय अशी भीती होती. जनुकक्रम लावल्यावर दिसले की बहुतेक संसर्ग उंदरांकडून स्वतंत्रपणे झालेले होते. एका माणसापासून पसरलेली लांब साखळी नव्हतीच. त्यामुळे प्रतिसादाची दिशाच बदलते.

क्रिमियन-काँगो ताप हायलोमा गोचिडीमुळे आणि जनावरांच्या रक्तामुळे होतो. बाधित गाई-मेंढ्या आजारी दिसत नाहीत, म्हणून जनावरांच्या आजाराच्या अहवालांतून पूर्वसूचना मिळत नाही. तुर्कस्तान, इराक, अफगाणिस्तान यांच्या बाबतीत उन्हाळ्यातला गोचिडींचा हंगाम आणि बकरी ईदच्या आधीची जनावरांची वाहतूक लक्षात ठेवावी. दवाखान्यातला प्रसार इथेही मोठा धोका.

रिफ्ट व्हॅली तापाचे अगदी उलटे. अतिवृष्टी, मग डास, मग मेंढ्यांचे सामूहिक गर्भपात आणि कोकरांचे मृत्यू, आणि त्यानंतर माणसे, असा क्रम असतो. २००६मध्ये समुद्राचे तापमान, पाऊस आणि हिरवळ यांच्या उपग्रह-नोंदींवरून पूर्व आफ्रिकेसाठी दिलेला इशारा माणसांतले रुग्ण दिसण्याआधी दोन ते सहा आठवडे मिळाला होता. हवामानाची नोंद आणि पशुवैद्यकाचा फोन इथे कोणत्याही रुग्णालयापेक्षा आधी बोलतो. पीतज्वर आणि माकडतापाच्या बाबतीत तेच काम जंगलात मरून पडलेली माकडे करतात.

नियमांची बाजू थोडक्यात. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार (२००५) घटनेचे मूल्यमापन ४८ तासांत आणि त्यानंतर कळवणे २४ तासांत अपेक्षित असते. रक्तस्रावी ताप आपोआप कळवण्याच्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी चार प्रश्नांची कसोटी लावतात: परिणाम गंभीर आहे का, घटना असाधारण आहे का, देशाबाहेर पसरण्याचा धोका आहे का, प्रवास-व्यापारावर निर्बंध येण्याचा धोका आहे का. दोनांची उत्तरे ‘हो’ आली की कळवणे बंधनकारक. चौथ्या प्रश्नाचा दुसरा अर्थ प्रत्येक देशाला कळतो: कळवले तर विमाने बंद होतील. घाईने लादलेली प्रवासबंदी पाळतीच्या मुळावर येते, हे माझे ठाम मत आहे.

स्वतःची नोंदवही ठेवताना प्रत्येक घटनेसाठी पाच तारखा वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात: पहिल्या माहीत रुग्णाची लक्षणे, यंत्रणेला लागलेला सुगावा, अधिकाऱ्यांना कळवणे, प्रयोगशाळेचा निकाल, जाहीर घोषणा. ७-१-७ हे उद्दिष्ट, म्हणजे सात दिवसांत शोध, एका दिवसात कळवणे, सात दिवसांत प्राथमिक प्रतिसाद पूर्ण, याच तारखांवरून मोजता येते. पहिल्या रुग्णाची तारीख तपास पुढे गेला की मागे सरकते. जुनी तारीख खोडू नये, बदल कधी कळला तेही लिहावे. प्रत्येक आकड्यापुढे स्रोत आणि तो कोणत्या दिवसापर्यंतचा आहे हे लिहावे, छापल्याची तारीख नव्हे. दोन स्रोत जुळले म्हणून खात्री झाली असे मानण्याआधी दोघांनीही एकाच तिसऱ्या पत्रकातून आकडा उचललेला नाही ना, हे पाहावे.

इबोलाची साथ संपल्याची घोषणा ४२ दिवसांच्या हिशेबाने होते: २१ दिवसांच्या सर्वांत लांब अधिशयन काळाची दुप्पट. मोजणी शेवटचा निश्चित रुग्ण दोनदा निगेटिव्ह आल्यापासून किंवा त्याच्या सुरक्षित दफनापासून सुरू होते. काँगोच्या बुलापे भागात २०२५मध्ये ६४ रुग्ण आणि ४५ मृत्यू झाले; शेवटचा रुग्ण १९ ऑक्टोबरला घरी गेला आणि १ डिसेंबरला साथ संपल्याचे जाहीर झाले. मधल्या काळात पाळत सैल पडते, हाच धोका. युगांडात २०२५च्या सुरुवातीला सुदान विषाणूच्या साथीतले आठ रुग्ण बरे होऊन घरी गेल्यानंतर फेब्रुवारीअखेर एक लहान मूल दगावले, आणि तेव्हा आधी माहीत नसलेली साखळी समोर आली. घोषणेनंतरही ९० दिवस वाढीव सर्वेक्षण चालू ठेवतात, कारण बरे झालेल्यांच्या वीर्यात, डोळ्यांत, मज्जासंस्थेत विषाणू दीर्घकाळ राहू शकतो. गिनीत २०२१ची साथ जाहीर झाली तेव्हा जनुकक्रम २०१४-१६च्या साथीतल्या विषाणूशी इतका जुळला की ती वटवाघळाकडून नव्याने आलेली नसून जुन्या साथीतल्या बाधित व्यक्तीच्या शरीरात टिकलेल्या विषाणूपासून सुरू झाली, असाच निष्कर्ष निघाला. म्हणून नोंदवहीत घटना ‘बंद’ करताना त्या जिल्ह्यापुढे दोन रकाने उघडे ठेवावेत: बरे झालेल्यांची वीर्यतपासणी आणि समुपदेशन चालू आहे का, आणि दर आठवड्याला किती संशयित मृत्यूंचे फाहे तपासले जात आहेत.